डोंगरामागचा सूर्य पुरे!

निसर्गचित्र काढा म्हटले की आमच्या मुलांच्या कागदावर दोन डोंगर, मधोमध सूर्य, खाली नदी आणि काठावर झोपडी हमखास उतरते. हैदराबादेत असे दृश्य कुणी पाहिले आहे?

१७व्या शतकातील डच चित्रकारांनी आपलीच गावे रंगविली, पण ज्याच्या त्याच्या नजरेने. रॉइसडालच्या हार्लेममध्ये शहर तळाशी चिमुकले आणि वर ढगांनी भरलेले आभाळ. व्हर्मीरच्या डेल्फ्टमध्ये विटांच्या भिंती, कौले आणि पाण्यातली प्रतिबिंबे. आपल्याकडे कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांनी घराजवळचे कोटितीर्थ तळे पुन्हा पुन्हा रंगविले.

आपल्या शहरात चारमिनार आहे, मुसी आहे आणि सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वीचे ग्रॅनाइटचे खडक आहेत. त्यांतले कितीतरी इमारतींसाठी फोडले गेले. जे आपण कधी निरखून पाहिले नाही, ते गेल्याची हळहळ तरी कशी वाटणार?

म्हणून विश्वस्तांना व पालकांना आमची विनंती आहे : महिन्यातून एक सकाळ चित्रकलेचा वर्ग खाजागुड्याच्या खडकांपाशी भरू द्या. आणि मुलांनो, चित्र वेडेवाकडे आले तरी चालेल. ते तुम्ही पाहिलेले असावे, एवढेच.