जितं पाणी

आमच्या चाळीमागचा हौद बुजवला त्याला कैक वर्षं झाली, पण माझा राग काही बुजला नाही. म्हणून हे लिहायला बसलोय.

चिंचपोकळीच्या आमच्या चाळीत नळाला पाणी कमी यायचं, तेव्हा कुणीतरी तो सिमेंटचा हौद बांधलेला. पाच फूट लांब, तीन फूट रुंद, कमरेपर्यंत खोल. पुढे गच्चीवर टाक्या आल्या नि हौद फुटक्या चपलांचा धनी झाला. १९८२च्या संपात माझी गिरणी सुटली ती कायमचीच. हात रिकामे, डोकं भरलेलं. त्या दिवसांत मी हौद घासून काढला. गावाहून येताना ओल्या गोणपाटात पांढऱ्या कुमुदिनीचा कंद आणला आणि कळशीतून पऱ्यातले मासे. बोटाएवढे, डोक्यावर चांदीचा ठिपका असलेले. पाण्याच्या वरच्या थरात फिरतात नि डासांच्या अळ्या टिपतात. निघताना आजी म्हणाली होती, "पानी जितं ठेव रं बाबा. मेल्या पान्यात डास व्हतात."

जितं ठेवायचं म्हणजे काय, ते मी चुका करून शिकलो. कंद चिकणमातीच्या कुंडीत लावायचा, वर खडी पसरायची, नाहीतर मासे माती उकरून पाणी गढूळ करतात. पाच-सहा तास ऊन हवंच, त्याशिवाय फूल नाही. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं; ते एक दिवस पिंपात उघडं ठेवून मगच ओतायचं, आणि सगळं पाणी एकदम कधी बदलायचं नाही. खाणं चिमूटभर. उरलेलं कुजतं नि मासे मरतात. पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडू लागले की समजावं, रात्री प्राणवायू कमी पडला; मासे कमी करा, वनस्पती विरळ करा.

मग एका पावसाळ्यात शेजारच्या पोराला डेंग्यू झाला. अंगावर लाल पुरळ, बाप इस्पितळात रात्र-रात्र जागा. अशा वेळी माणसाला दोषी हवा असतो. हौद समोरच होता.

"भाऊ, तुमचं हे तळं बंद करा," चाळीची माणसं म्हणाली.

मी बॅटरी घेऊन आधी हौद पाहिला. एक अळी नाही. मग घरोघर फिरलो. फ्रिजमागच्या ताटलीत अळ्या. कुंडीखालच्या बशीत अळ्या. छपरावरच्या ताडपत्रीच्या घडीत, टाकून दिलेल्या टायरात, निळ्या पिंपाच्या झाकणावरच्या खोलगटात अळ्या. डेंग्यूच्या डासाला तळं लागतच नाही, वाटीभर स्वच्छ पाणी पुरतं. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून तर आठवड्यातून एक दिवस भांडी कोरडी करा असं सांगतात. पण घरातली ताटली उपडी करण्यापेक्षा दुसऱ्याचा हौद बुजवणं सोपं. रविवारी डेब्रिजच्या दोन हातगाड्या आल्या. मासे मी बादलीत घेतले. कुमुदिनीला कळी आली होती.

ही भीती या शहराला नवी नाही. १९११ साली डॉ. बेंटली यांनी मुंबईतल्या हिवतापावर अहवाल लिहिला. हिवतापाचा डास विहिरींत वाढतो हे त्यात आलं, नि विहिरी झाकण्या-बुजवण्याचं सत्र चाललं. मी त्यांना नावं ठेवत नाही. माणसं तापानं मरत होती. पण त्याच महापालिकेनं पुढे पाण्यात गप्पी मासे सोडले, तेही अळ्या खावेत म्हणूनच. म्हणजे मासे असलेलं पाणी राखण करतं, हे सरकारदरबारीही ठाऊक आहे. ठाऊक नाही ते आपल्याला. धोबीतलाव, गोवालिया टँक ही नावं तेवढी आपण जपतो, पाणी जपत नाही.

माझ्या बाजूची चूकही सांगतो. एकदा शिमग्याला महिनाभर गावी राहिलो. परतलो तर जलकुंभीनं हौद झाकून टाकलेला, मासे निम्मे मेलेले. तिच्या मुळांना चिकटून वाढणारे डासही असतात. ज्याला दर आठवड्याला हात ओले करायचे नाहीत, त्यानं तळं करूच नये. आणि निळ्या फरशीचं, कारंज्याचं, औषध मारून स्वच्छ दिसणारं तळं कुणी दाखवलं तर मी त्याला तळं म्हणत नाही. कारंजं बंद पडलं की तिथंच अळ्या होतात, कारण तिथं खाणारं कुणी नसतं. गावाकडच्यांनाही एक विनंती: शहरातून आणलेले गप्पी पऱ्यात सोडू नका. ते दक्षिण अमेरिकेकडचे, भराभर वाढतात, आपल्या ठिपकेवाल्यांना जागा उरत नाही.

त्या पोराला बरं वाटलं, देवाची कृपा. पण पुढच्या पावसाळ्यात हौद नव्हता, आणि चाळीत डेंग्यूचे दोन रुग्ण होते. तेव्हा मात्र कुणी कुणाकडे बोट दाखवलं नाही. मी परत बॅटरी घेऊन फिरलो. ताटल्या तशाच भरलेल्या.

तुमच्या सोसायटीत उद्या कुणी तळं बुजवा म्हणालं, तर एवढंच सांगा: आधी आपापल्या फ्रिजमागची ताटली आणून दाखवा, मग फावड्याला हात लावा.