शेवट नसलेल्या गोष्टी आणि आपल्या मुली



गेल्या महिन्यात नणंदेकडे गेले होते. भाचीचं बी.कॉम. झालंय, पुढं काय करायचं ही चर्चा चालू होती. ती शांतपणे म्हणाली, "मामी, मला पटकथालेखन शिकायचंय. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये त्याचा वेगळा अभ्यासक्रम आहे. प्रवेश परीक्षा देऊ का?"

खोलीत सगळे गप्प. मग नात्यातल्या एक काकू म्हणाल्या, "सासूला सुनेविरुद्ध उभं करायचं, घराघरांत विष कालवायचं, असला धंदा आपल्या पोरीनं करायचा? पाप लागतं त्यात!"

मी उत्तर देणार तोच काकूंनी हात वर केला. समोर टीव्ही चालू होता आणि पडद्यावरची धाकटी जाऊ दुधात काहीतरी मिसळत होती. "थांब गं जरा, हे एवढं बघू दे."

मला तेव्हा हसू आलं. घरी परतताना मात्र राग आला, आणि तो काकूंपेक्षा माझा मलाच जास्त आला. कारण मीही वर्षानुवर्षं हेच केलंय. लिहिणाऱ्याला पापी म्हणायचं आणि बघणाऱ्याला निष्पाप समजायचं, हा हिशेब आपल्या धर्मात बसतो का?

आपण पाप मोजताना कृत, कारित आणि अनुमोदना असं तिन्ही बाजूंनी मोजतो. स्वतः केलं, दुसऱ्याकडून करवलं, किंवा दुसऱ्यानं केलेल्याला मनातून मान डोलावली. आलोचना म्हणताना हे तीनही शब्द आपल्या तोंडी असतात. मग रोज संध्याकाळी रिमोट दाबून आपण जे करतो ते यातलं काय आहे? मालिका लिहिणारी बाई कृत असेल, तर आपण अनुमोदना आहोतच. मी तर म्हणेन कारितसुद्धा आहोत.

आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितलेत. त्यातला एक आहे दुःश्रुती, म्हणजे राग, द्वेष, मद, मोह वाढवून मन मळवणारं ऐकणं. ऐकणं, बरं का! गृहस्थाला सावध केलंय ते कानांबद्दल. आपल्या घरात सूर्यास्ताआधी जेवणं उरकतात. साडेसहा-सातला ओटा पुसून होतो, आणि इतर घरांत कुकरच्या शिट्ट्या वाजत असतात तेव्हा आपण रिकाम्या असतो. सात ते दहा सलग तीन तास. रात्री तोंडात पाण्याचा घोट जात नाही, पण डोळ्यांतून आणि कानांतून काय काय आत जातं! पाणी गाळून घेणाऱ्या आपण, गोष्ट मात्र न गाळता पितो.

आता म्हणाल, मग सगळा दोष मालिकांचाच ना? लिहिणारे असं लिहितात तरी का? हे समजून घ्यायचं तर मालिका लिहिली कशी जाते ते बघावं लागेल.

श्रेयनामावली कधी नीट वाचा. कथा किंवा कथाविस्तार एकाचा, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. एक जण ठरवतो पुढच्या काही आठवड्यांत काय घडणार, दुसरा ते प्रसंगांत मांडतो, तिसरी व्यक्ती पात्रांच्या तोंडी वाक्यं घालते. अर्ध्या तासात जाहिराती वजा जाता साधारण बावीस मिनिटांचा मजकूर रोज लागतो, आठवड्यातून पाच-सहा दिवस. मोबदला भागागणिक. दर गुरुवारी बार्क या संस्थेचे प्रेक्षकसंख्येचे आकडे येतात. ज्या प्रसंगाला लोक खिळून राहिले तो ताणायचा, जिथं चॅनल बदललं तो ट्रॅक गुंडाळायचा. म्हणजे लेखक एकटा बसून लिहीत नाही. त्याच्या खांद्यावरून निर्माता वाचतो, वाहिनी वाचते, आणि सगळ्यांच्या मागं उभ्या असतो आपण.

या व्यवस्थेतला खरा दोष भांडणं दाखवण्यात नाही. भांडणं आपल्या पुराणांतही आहेत. दोष असा की या गोष्टीला शेवट ठरवलेलाच नसतो. आकडे चांगले असतील तोवर ती संपवून चालत नाही. 'क्योंकि सास भी कभी बहू थी' ही मालिका २००० साली सुरू झाली आणि २००८ मध्ये थांबली, तोवर १,८०० हून अधिक भाग झाले होते. इतके भाग लिहायचे तर खलनायिकेला पश्चात्ताप होऊन कसं चालेल? झालाच, तर पुढच्या सोमवारी दुसरी खलनायिका आणावी लागते. कपट उघडं पडायची वेळ आली की कुणीतरी दार उघडतं, वीज कडाडते, भाग संपतो. कर्म बांधलं जातं, पण त्याचं फळ कधीच येत नाही. फळ आलं तर गोष्ट संपेल, आणि गोष्ट संपली तर दुकान बंद होईल.

आता आपल्या घरातली गोष्ट घ्या. कमठ आणि मरुभूती, दोघं सख्खे भाऊ. थोरल्याची नजर धाकट्याच्या बायकोवर जाते. यापेक्षा मोठा 'फॅमिली ड्रामा' कुठल्या वाहिनीनं दाखवलाय? वैर दहा भव चालतं. मरुभूती हत्ती होतो, तर कमठ साप होऊन त्याला डसतो. पुढच्या भवांतही तोच पाठलाग. पण लक्ष द्या, प्रत्येक भवात काहीतरी बदलतं. एक जीव क्षमेनं वर चढत जातो, दुसरा क्रोधानं खाली घसरत जातो. शेवटी एक पार्श्वनाथ भगवान होतात आणि त्यांच्यावर उपसर्ग करणारा दुसराही त्यांच्याच पायाशी शांत होतो. पात्राचा चढ-उतार, प्रसंगामागून प्रसंग, आणि केलेल्याचं फळ. पटकथा शिकवणारे याहून वेगळं काय शिकवत असतील?

म्हणूनच आपल्या शास्त्रांच्या चार अनुयोगांत पहिला मान प्रथमानुयोगाला, म्हणजे कथांना आहे. आपल्या आचार्यांना कथेची ताकद माहीत होती. गोष्ट सांगणं पाप असतं, तर जिनसेनाचार्यांनी आदिपुराण रचलं नसतं.

"आजकालच्या पडद्यावर हे शक्य नाही," असं कुणी म्हणेल. शक्य होतं, झालेलं आहे. १९८४ साली दूरदर्शनवर 'हम लोग' आली. मनोहर श्याम जोशींनी लिहिली होती. मध्यमवर्गीय घर, दारूडा बाप, मुलींची लग्नं, रोजच्या अडचणी. कटकटी भरपूर होत्या, पण भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन घडलेल्या गोष्टीबद्दल प्रेक्षकांशी बोलायचे. सुमारे दीड वर्ष चालली आणि संपली. नंतरच्या कितीतरी मालिकांना १३ किंवा २६ भागांचीच मंजुरी असायची. लेखकाला पहिल्या दिवशी ठाऊक असायचं की आपल्याला कुठं पोचायचंय.

आणखी मागं जायचं तर आपल्या कोल्हापूरकडेच बघा. प्रभात फिल्म कंपनी १९२९ मध्ये कोल्हापुरात सुरू झाली, मग पुण्याला गेली. तिचा १९३७ चा 'कुंकू' नारायण हरी आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरचा. म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावलेली मुलगी, जी हे लग्न मनानं स्वीकारतच नाही. जरठ-कुमारी विवाह समाजात सर्रास होत होते तेव्हा हा चित्रपट आला. लिहिणाऱ्यानं ती मुलगी रडकी न करता ताठ उभी केली. लेखणी काय करू शकते ते यातून कळतं.

आता काकूंचा दुसरा मुद्दा, जो त्या बोलल्या नाहीत पण सगळ्यांच्या मनात होता: "यात पैसा कुठाय?" ही काळजी खोटी नाही. या धंद्यात लिहिणाऱ्याची पिळवणूक होते. पैसे अनेकदा भाग दाखवून दोन-तीन महिने झाल्यावर मिळतात, करारात कधीही काढून टाकण्याची मुभा असते, कष्ट एकाचे आणि नाव दुसऱ्याचं असंही घडतं. पण बोट दाखवण्याआधी आपलं मंडळ बघू या.

महावीर जयंतीला आपण नाटिका बसवतो. चंदना, अंजना, मैनासुंदरी. कुणीतरी मैत्रीण पंधरा रात्री जागून ती लिहिते. आर्यिका माताजींना विचारून प्रसंग तपासते, लहान मुलांना पाठ होतील असे संवाद बेतते, माइक दोनच आहेत म्हणून प्रवेश बदलते. पत्रिकेत मंडपवाल्याचं नाव असतं, साउंडवाल्याचं असतं, बोली घेणाऱ्यांची तर ठळक अक्षरांत. लिहिणारीचं नाव? पुढच्या वर्षी तीच नाटिका शेजारच्या गावच्या बस्तीत होते, आणि तिला ते व्हॉट्सअॅपवरच्या फोटोतून कळतं. गेल्या वर्षीची आपली नाटिका माझ्या या भाचीनंच लिहिली होती. मीही तिचं नाव छापायला सांगितलं नाही. अचौर्याणुव्रत आपण फक्त पाकिटाला लावतो का?

सलीम-जावेद यांचं नाव आज सगळ्यांना माहीत आहे. पण १९७३ च्या 'जंजीर'च्या पोस्टरवर लेखकांची नावं नव्हती, तेव्हा त्यांनी माणसं लावून पोस्टरांवर स्वतःची नावं रंगवून घेतली. मागितल्याशिवाय मान मिळत नाही, हे त्यांना कळलं होतं. आज मागायला आधारही आहे. मुंबईत लेखकांची संघटना आहे, स्क्रीनरायटर्स असोसिएशन. तिथं आपली संहिता नोंदवून ठेवता येते. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. चित्रपटगृहाबाहेर चित्रपट वापरला गेला की त्यातल्या लेखनाची रॉयल्टी मिळण्याचा लेखकाचा हक्क आता करारात लिहूनही काढून घेता येत नाही. मात्र एक गोष्ट प्रत्येक मुलीनं पदराला गाठ मारून ठेवावी. नुसत्या कल्पनेवर कायदा हक्क देत नाही. आर. जी. आनंद यांनी आपल्या नाटकावरून चित्रपट केला म्हणून दावा लावला होता, तो १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं फेटाळला. विषय किंवा कल्पना कुणाच्या मालकीची नसते, हक्क असतो तो मांडणीवर. म्हणून आधी कागदावर लिहा, नोंदवा, मग सांगा. चहा पिता पिता कुणाला गोष्ट सांगून मोकळं होऊ नका. आपण व्यापाऱ्यांच्या लेकी-सुना, पावतीशिवाय माल सोडायचा नाही हे आपल्याला शिकवावं लागत नाही.

राहिला पापाचा प्रश्न. भगवान आदिनाथांनी गृहस्थांना सहा कर्मं शिकवली: असि, मसि, कृषि, विद्या, वाणिज्य, शिल्प. मसि म्हणजे शाई. तलवारीनंतर लगेच शाईचा नंबर लागतो. आपल्या घरातली मुलं शेती करतात, दुकान चालवतात, संगणकावर काम करतात, ते सगळं चालतं. मग मसि तेवढी पापाची कशी? आणि आदिनाथांनी लिपी कुणाला शिकवली? आपल्या मुलीला, ब्राह्मीला. पुढच्या वेळी कुणी म्हणालं की पोरीच्या जातीनं असल्या लेखनात पडू नये, तर हे एवढंच विचारा.

तिथं गेल्यावर तिलाही दुधात विष कालवायचे प्रसंग लिहायला सांगतील, हे मला मान्य आहे. कधी तिला नाही म्हणावं लागेल, कधी पोटासाठी लिहावंही लागेल. पण ज्या मुलीला कषाय म्हणजे काय, त्याचं फळ काय, हे लहानपणापासून माहीत आहे, ती त्या खोलीत असणं बरं की नसणं? आपण सगळ्या भल्या मुलींना त्या दारातून परत बोलावलं, तर आत उरणार कोण? आणि मग सात वाजता आपण बघणार काय?

मंडळाच्या पुढच्या बैठकीत मी दोन ठराव मांडणार आहे. नाटिका लिहिणारीचं नाव पत्रिकेत, आणि पाकिटात मानधन. रक्कम लहान असली तरी चालेल. घरापुरतं मी ठरवलंय की शेवट नसलेली गोष्ट बघायची नाही. पहिले चार दिवस सात वाजता हात आपोआप रिमोटकडे गेला, खोटं कशाला सांगू. मग सासूबाईंना कमठाची गोष्ट पुन्हा सांगायला लावली. दहा भवांना त्यांना नऊ संध्याकाळी लागल्या, आणि शेवटच्या दिवशी शेजारच्या दोघी ऐकायला आल्या होत्या.

भाचीची प्रवेश परीक्षा व्हायची आहे. फॉर्मचे पैसे मी भरले. काकूंना हे या लेखातूनच कळेल, म्हणून आधीच क्षमा मागते. काकू, राग आला तर घरी या. सूर्यास्ताआधी या, जेवूनच जा. टीव्ही मात्र बंद असेल.