गणित येते, वेळ पुरत नाही

दहावीच्या परीक्षेचे वेळापत्रक लागले की अनेक घरांत एक तक्रार ऐकू येते, ‘येतं सगळं, पण पेपर पूर्ण होत नाही.’ ही तक्रार वर्षानुवर्षे गणितापुरतीच असेल, तर तिच्यामागे आळस नसून गणिताची अध्ययन अक्षमता, म्हणजेच डिस्कॅल्क्युलिया असू शकतो.

समोरची माहिती मेंदू किती झटपट टिपतो आणि तिला प्रतिसाद देतो, याला माहिती प्रक्रियेचा वेग म्हणतात. मुलांच्या वेक्स्लर बुद्धिमत्ता चाचणीत तो चिन्हे जुळवण्याच्या, वेळ लावून घेतलेल्या उपचाचण्यांतून मोजतात. गणितात अडणाऱ्या मुलांचा हा वेग सरासरीने कमी असल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे. पण सगळ्यांचा नाही. काही मुले अक्षरे, चित्रे चटकन ओळखतात. अंक आले की मंदावतात.

मंद वेगाचा परिणाम फक्त वेळेवर होत नाही. इतर मुलांना ‘सात आठे छप्पन्न’ थेट आठवते. या मुलांना ‘सात एके सात’पासून सुरुवात करावी लागते. कार्यरत स्मृती माहिती काही सेकंदच धरून ठेवते. त्यामुळे छप्पन्नपर्यंत पोहोचेतो हातचा किती होता, हे निसटते. उत्तर चुकते आणि वहीवर शेरा येतो, ‘लक्ष नाही’.

दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार पात्र परीक्षार्थींना तासाला किमान २० मिनिटे जादा मिळतात. सर्वच बाबतींत वेग मंद असलेल्या मुलाला त्याचा खरा उपयोग होतो. ज्याला पाढेच आठवत नाहीत, तो मात्र ती २० मिनिटेही बोटे मोजण्यात घालवतो. त्याला कॅल्क्युलेटरची मुभा आणि त्याआधी काही वर्षे वेगळ्या पद्धतीचे शिकवणे लागते.

अडचण इथेच आहे. सवलतीची धावपळ दहावीत सुरू होते, खुणा मात्र दुसरी-तिसरीतच दिसतात. त्याच वयात घड्याळ लावून तोंडी हिशेब घेतले जातात. भीतीने उरलीसुरली स्मृतीही व्यापली जाते.

म्हणून मूल सतत अडत असेल, तर आधी डोळे व कान तपासावेत, मग मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षकांकडून मूल्यमापन करून घ्यावे. अहवालात केवळ बुद्ध्यंक न पाहता वेग, स्मृती व अंकज्ञान यांचे गुण वेगवेगळे पाहावेत. मुलाला वेळ हवा आहे की वेगळी शिकवणी, हे त्यातूनच कळते.