पाणीच आहे की!
रविवारी आमच्या सोसायटीत गाड्या धुणारा टेम्पो येतो. मागे पाण्याची टाकी, तिला खेटून पेट्रोलवरचं प्रेशर वॉशर. परवा सर आली म्हणून पोऱ्याने ताडपत्री खाली सोडली आणि इंजिन आत तसंच धडधडत ठेवून स्वतः शेजारी बसला. मी ओरडलोच. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. डोकं जड होतं, मळमळतं, आणि माणसाला वाटतं पित्त झालं. बाहेर येऊन तो नोझलसमोर बोट नेत म्हणाला, “काका, पाणीच आहे की!” पाणीच, पण १५० बारचं, कारच्या चाकातल्या हवेच्या जवळपास ७० पट दाबाचं. कातडी भेदून आत शिरतं. वर टाचणीएवढं भोक, आत मात्र नासधूस. हळद दाबून घरी बसण्याची ती जखम नव्हे, तडक सर्जनकडे जायचं. बरं, इंजिन थांबलं तरी पाइपात दाब उरतोच. ट्रिगर दाबून तो सोडावा, मगच नोझलला हात लावावा. पेट्रोलही इंजिन निवल्यावरच ओतायचं. पोऱ्याने मुकाट्याने इंजिन बंद केलं, गन गटाराकडे धरली, ट्रिगर ओढला. फुस्स! मग विचारलं, “काका, तुमची गाडी कुठली?” माझी सायकल आहे.