नाणं घासू नका, बंदूक लपवू नका

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरकरांनो, हे आधी वाचा आणि मगच माळ्यावरची ट्रंक उघडा.

दुसऱ्या महायुद्धातल्या कल्याण लष्करी छावणीच्या बराकींत सिंधी निर्वासितांनी संसार मांडले आणि १९४९ मध्ये त्या वस्तीचं उल्हासनगर झालं. आता जुनी घरं पुनर्विकासासाठी रिकामी होताहेत. सामानात राणीछाप, राजाछाप रुपये निघतात. क्वचित आजोबांची बंदूकही.

नाण्याला चिंच, राख, पावडर काही लावू नका. काळसर थर घासून काढला की नाण्याची किंमत उतरलीच. भिंग घेऊन सन वाचा. पंचम जॉर्जच्या रुपयावर सनाखालच्या नक्षीत बारीक टिंब असेल तर तो मुंबईच्या टांकसाळीचा, नसेल तर कलकत्त्याचा. वजन ११.६६ ग्रॅम, चांदी ९१.७ टक्के, बहुतेक रुपयांना चांदीच्या आसपासच भाव येतो. १९३९ चा चांदीचा रुपया फार दुर्मिळ, म्हणून त्याच्या नकलाही भरपूर.

‘जुनं नाणं द्या, लाखो घ्या’ या मोबाइलवरच्या जाहिरातींना कृपा करून भुलू नका. आधी फोटो मागतात, मग नोंदणी फी, जीएसटी, रिझर्व्ह बँकेचं प्रमाणपत्र असं करत म्हाताऱ्या माणसांची पुंजी उपसतात. आपण असे व्यवहार करत नाही आणि कमिशन घ्यायचा अधिकार कुणालाही दिलेला नाही, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलं आहे. पैसे गेले असतील तर लाजू नका, लगेच १९३० वर फोन करा.

बंदुकीचं प्रकरण याहून गंभीर. खटक्याच्या वर, दस्त्याजवळच्या लोखंडी पट्ट्यावर मुकुट, राजाची आद्याक्षरं, ‘एनफील्ड’ किंवा ‘इशापूर’ आणि साल दिसलं, तर ती लष्करी ली-एनफील्ड असू शकते. पण विलायतेतले भाव शोधत बसू नका. परवान्याविना ती घरात असणं हाच शस्त्र अधिनियम, १९५९ खाली गुन्हा आहे, काडतुसांचंही तेच. निकामी, पुरातन हत्याराला कायद्यात सूट आहे, पण ते तसं आहे की नाही हे तुम्ही-आम्ही ठरवायचं नाही. बंदूक भरलेलीच आहे असं धरून चाला. खटका ओढू नका, वालधुनी नदीत फेकू नका, भंगारात देऊ नका. मुलांना खोलीबाहेर काढा आणि जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा ११२ वर कळवा. बंदूक जमा झाली की तिच्या क्रमांकासह लेखी पोचपावती मागून घ्या.