लग्नाची डीव्हीडी आणि आपला आळस

मंडळी, मागच्या शनिवारी बारामतीला घरी गेलो, तर कपाटात मामाच्या लग्नाची डीव्हीडी सापडली. २००४ सालचं, इंदापूरचं लग्न. पंगतीत आग्रह करणारी आजी त्यात आहे. आजी आता नाही. तिचा आवाज एवढ्या एका चकतीवर उरलाय आणि ती चकती दोन जागी अडकते!

हापिसात आपण दिवसभर बॅकपच्या गप्पा मारतो. घरी मात्र "डीव्हीडी आहे की, काय होतंय?" अहो, होतंय! राइट केलेल्या डीव्हीडीत माहिती रंगाच्या थरात असते. ऊन-उष्णतेनं तो थर बिघडतो.

दुसरे महाभाग टीव्हीचं मोबाइलवर शूटिंग करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतात. चकतीवर ७२० बाय ५७६ चं चित्र आहे, ते तरी नीट घ्या! आधी 'व्हिडिओ_टीएस' फोल्डर जसाच्या तसा कॉपी करा. त्यातलं एमपीईजी-२ ब्राउझरला चालत नाही, म्हणून हँडब्रेकमध्ये (फुकट आहे!) एच.२६४ चं एमपी४ बनवा. डीइंटरलेस चालू ठेवा, नाहीतर हलत्या हातांवर कंगव्यासारख्या रेघा दिसतील. 'वेब ऑप्टिमाइझ्ड'वर टिचकी मारा, म्हणजे फाइल पूर्ण उतरायच्या आत सुरू होते. मूळ प्रत पुसू नका, एमपी४ करताना थोडा तपशील जातोच.

माझा एक रविवार गेला. एक अडकणारी जागा वाचली. दुसरीकडे आजी "अजून एक..." म्हणते आणि चित्र गोठतं. पाच वर्षांपूर्वी बसलो असतो तर?

असो. एक प्रत बारामतीत, दुसरी इंदापूरला मामाकडे. तुमचं कपाट कधी उघडताय?