आयती भाकरी

"या वयात गडावर कसली जातेस?" घरातून पहिला प्रश्न हाच आला. तरी आम्ही पाचजणी लोणावळ्याहून राजमाचीला चालत गेलोच. १५-१६ किलोमीटरची वाट, पण चढ फारसा नाही. पोरं तर सायकलीही दामटत नेतात. बोरघाटावर नजर ठेवणारा हा जुना किल्ला. श्रीवर्धन आणि मनरंजन या दोन बालेकिल्ल्यांच्या पायथ्याशी उधेवाडी. मुक्काम गावातल्याच एका घरी. सारवलेली जमीन, चुलीवरचं पिठलं, गरम भाकरी.

कित्येक वर्षांनी कुणीतरी मला आयतं ताट वाढलं. डोळ्यांत पाणी आलं, धुराचं नुसतं निमित्त! पण वाढणारी वहिनी सकाळपासून चुलीपुढून उठली नव्हती. "वर किल्ल्यावर कधी फिरायला जाता का हो?" विचारलं, तर हसून म्हणाली, "सरपणाला जाते की!"

मैत्रिणींनो, वर्षातून एकदा तरी असं बाहेर पडाच. पावसाळ्यात वाटेतल्या ओढ्यांना पाणी असतं, तेव्हा हिवाळा बरा. मात्र तिथे भाकरीच्या पैशात घासाघीस करू नका, आपलं ताट आपणच उचला. आपल्या सुट्टीसाठी दुसरी बाई राबते, हे आपल्याला नाही कळणार तर कुणाला?